रिकोड केल्यावर आकडे विचित्र का येतात? या चुका टाळा

प्रबंध सादर करायच्या दिवसांत विद्यार्थी फाइल घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, रिझल्ट काहीतरी विचित्र येतोय." टेस्ट बरोबर निवडलेली असते, रिग्रेशनही नीट चालवलेलं असतं. बिघाड असतो तो त्याच्या आधी, व्हेरिएबल रिकोड करताना, म्हणजे कॉलममधल्या जुन्या किमतींना नवे कोड किंवा गट देताना. तिथे सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, लाल अक्षरांत एरर येत नाही. चुकीचा कॉलम मुकाट्याने तयार होतो आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. म्हणून मला ही चूक इतर सगळ्या चुकांपेक्षा जास्त घातक वाटते.

एक उदाहरण घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे असं दिसलं. एक विद्यार्थिनी याच डेटावर काम करत होती. त्यात हिमोग्लोबिन दशांश चिन्हाशिवाय साठवलेलं असतं, म्हणजे ११.४ असेल तर ११४. तिने १२० च्या खालच्यांना 'रक्तक्षय आहे' आणि बाकी सगळ्यांना 'नाही' असं रिकोड केलं. गरोदर स्त्रियांची मर्यादा ११० असते, तीही तिने वेगळी धरली होती. वेट्स (प्रत्येक नोंदीला द्यायचं वजन) लावले होते. तरी टक्केवारी अहवालापेक्षा कमीच यायची. दोन रात्री तिने वेट्स पुन्हा पुन्हा तपासण्यात घालवल्या.

चूक 'बाकी सगळ्यांना' या शब्दांत होती. त्याच कॉलममध्ये ९९४, ९९५, ९९६ असेही आकडे असतात. तपासणीच्या वेळी बाई हजर नव्हती, तिने नकार दिला, किंवा दुसरं काही कारण होतं, हे सांगणारे ते कोड. ते १२० पेक्षा मोठे, म्हणून ज्यांचं रक्त घेतलंच नव्हतं त्या सगळ्या निरोगी ठरल्या.

जिथे कोड नसून जागा खरोखर रिकामी असते, तिथेही हाच घोळ होतो. स्टाटा हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर रिकामी जागा टिंबाने दाखवतं आणि त्या टिंबाला कुठल्याही संख्येपेक्षा मोठं मानतं. त्यामुळे 'वय ६० पेक्षा जास्त' अशी अट घातली, की वय न सांगितलेले सगळे ज्येष्ठ नागरिक होतात. एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या रिकोडमधलं 'एल्स' (उरलेले सगळे) सिस्टिम मिसिंगलाही, म्हणजे रिकाम्या जागांनाही, पकडतं. आर या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'केस व्हेन' या कमांडच्या शेवटी 'उरलेले सगळे' अशी ओळ टाकली तर तीही रिकाम्या जागा गिळते. उपाय एकच: मिसिंगचा नियम सर्वांत आधी आणि स्वतंत्र लिहा. 'उरलेले सगळे' ही सोय शक्यतो वापरूच नका.

ही चूक पकडायला दोन मिनिटं लागतात. नव्या व्हेरिएबलच्या प्रत्येक गटात जुन्या व्हेरिएबलची किमान आणि कमाल किंमत काढा. 'रक्तक्षय नाही' या गटात कमाल ९९६ दिसली असती तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या. जुना व्हेरिएबल गटांचाच असेल तर जुना विरुद्ध नवा असा क्रॉसटॅब (दोन्हींचा एकत्र तक्ता) काढा, पण मिसिंगसकट. स्टाटा आणि आर दोन्ही मिसिंग मुद्दाम मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. एसपीएसएसच्या क्रॉसटॅबमध्ये सिस्टिम मिसिंगची ओळच येत नाही, म्हणून टेबलाच्या वर जो केसेसचा सारांश छापून येतो, त्यातला मिसिंगचा आकडा वाचा. तो वाचायची सवय फार थोड्यांना असते.

आता गटांच्या सीमा. भारतीयांसाठी बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाचे) गट पुस्तकात १८.५ ते २२.९ सामान्य, २३ ते २४.९ जास्त वजन, २५ आणि पुढे स्थूल असे छापतात. छापायला ते ठीक आहे, रिकोडमध्ये मात्र जसंच्या तसं उतरवू नका. ज्या माणसाचा बीएमआय २२.९५ आहे, तो जाणार कुठे? एसपीएसएसमध्ये नवा व्हेरिएबल बनवत असाल तर तो मिसिंग होतो. स्टाटात नियमात न बसलेली किंमत तशीच राहते, मग फ्रीक्वेन्सी टेबलात १, २, ३ च्या रांगेत मध्येच २२.९५ उभा दिसतो. या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये पहिला लागू पडणारा नियम जिंकतो. त्याचा फायदा घ्या, वरून खाली लिहा: २५ ते कमाल, २३ ते २५, १८.५ ते २३, किमान ते १८.५. सीमा एकमेकींना चिकटतात, फट राहत नाही, आणि नेमका २३ असलेला आपोआप वरच्या गटात जातो. फक्त एसपीएसएसमध्ये 'हायेस्ट' (कमाल) म्हटलं की यूजर मिसिंग, म्हणजे आपणच मिसिंग म्हणून नोंदवलेले कोडही त्यात येतात, ते आधी बाजूला काढा. आरमधलं गट पाडणारं 'कट' मुळात उजवी सीमा गटात धरतं, म्हणून २५ खालच्या गटात जातो आणि अगदी सर्वांत खालच्या सीमेवरची किंमत तर मिसिंग होते. डावी सीमा धरायला सांगितलं की २५ जागेवर येतो.

तिसरी चूक माझ्या स्वतःच्या हातून झालेली आहे. पाच बिंदूंच्या स्केलमधले नकारार्थी प्रश्न उलटे करायचे होते: १ चे ५, २ चे ४. मी ते त्याच व्हेरिएबलमध्ये केले. दुपारी काम थांबलं, संध्याकाळी पुन्हा सुरू करताना सगळी सिंटॅक्स (लिहून ठेवलेल्या कमांड) वरपासून चालवली. उलटं केलेलं पुन्हा उलटं झालं, म्हणजे मूळ पदावर आलं. क्रोनबॅक अल्फा (स्केलमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचं माप) घसरला आणि मी प्रश्नावलीलाच दोष देत बसलो. तेव्हापासून मी रिकोड नेहमी नव्या नावाने करतो आणि मूळ कॉलमला हात लावत नाही. त्याच व्हेरिएबलमध्ये रिकोड केलं की आणखी एक त्रास होतो: आकडे बदलतात, पण व्हॅल्यू लेबलं जुनीच चिकटून राहतात. ५ वर अजून 'पूर्ण सहमत' लिहिलेलं असतं आणि आत माणूस पूर्ण असहमत असतो.

आर वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं: फॅक्टर (आरमधला गटांचा कॉलम) थेट संख्येत बदलला तर २०, ३५, ५० या वयांच्या जागी १, २, ३ मिळतात, कारण आत तोच क्रम साठवलेला असतो. आधी मजकुरात बदला, मग संख्येत.

आणि मजकुराचे कॉलम. देवनागरीत भरलेल्या फॉर्ममध्ये 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापुर' हे दोन जिल्हे होतात, ते निदान डोळ्यांना दिसतं. शब्दाच्या शेवटी राहिलेली स्पेस दिसत नाही. त्याहून अवघड प्रकार 'दुसऱ्याच्या शेतावर मजुरी' या उत्तरात भेटतो. यातला 'ऱ्या' दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून दोन वेगवेगळ्या युनिकोड क्रमांनी उमटू शकतो. पडद्यावर अक्षर तेच, कॉम्प्युटरला शब्द वेगळे. रिकोडचा नियम एकाला लागतो, दुसरा मिसिंगमध्ये जातो. फ्रीक्वेन्सी टेबलात एकच शब्द दोन ओळींत दिसला की दोन्हींची अक्षरसंख्या सॉफ्टवेअरकडूनच मोजून घ्या. ती वेगळी निघाली तर आधी सगळीकडे एकच रूप करून घ्या आणि मगच रिकोड चालवा.