द्राक्षाची खुंटरोपं घेताना या चुका टाळा

जानेवारी-फेब्रुवारी आला की फोन सुरू होतात, "दादा, रोप स्वस्तात कुठं मिळंल?" मांडवाला एकरी लाखांनी ओतणारा माणूस रोपामागं दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. मांडवाची तार पुन्हा ओढता येते. बुडातला खुंट, म्हणजे ज्याच्यावर द्राक्षाची जात कलम करतात तो मुळाकडचा भाग, बदलायचा तर बागच काढायची.

सगळ्यात महागात पडते ती खुंटाची खातरजमा न करणं. निफाडकडचा एक ओळखीचा बागायतदार ११० आर या जातीचे खुंट म्हणून रोपं घेऊन आला. त्यात निघाली डॉगरिज या दुसऱ्या खुंटाची भेसळ. त्यावर थॉमसन या द्राक्षाच्या जातीची कलमं भरली, सगळी हिरवीगार, कुणाला शंकाही आली नाही. माल धरायची वेळ आली तेव्हा बिंग फुटलं. जमीन भारी काळी, त्यात डॉगरिजचा जोर. त्या वेली नुसत्या माजल्या, काड्या जाडजूड आणि घड तुरळक. शेजारच्या ११० आरवरच्या वेलीला मात्र बेताची वाढ आणि भरपूर घड. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट मागंपुढं झाली. एकाच ओळीत एक वेल फुलोऱ्यात, दुसरीचं मणी सेटिंग (मणी धरणं) उरकलेलं. मग जीएची (मणी फुगवायच्या जिबरेलिक ॲसिडची) बुडवणी कुणाच्या हिशेबानं करायची? मजूर दोनदा लावले तरी मणी एकसारखा झाला नाही, आणि व्यापाऱ्यानं त्यावरच बोट ठेवून भाव पाडला.

डॉगरिज वाईट नाही. हलक्या जमिनीत, पाण्याची ओढाताण असते तिथं तो उपयोगीच पडतो. पण काय लावतोय ते माहीत हवं. मी रोपवाटिकेत आधी कोवळा शेंडा बघतो. डॉगरिजवर पांढरट लव असते, ११० आरचं पान गुळगुळीत आणि चकाकतं. एका वाफ्यात दोन तऱ्हेची पानं दिसली की मी तिथनंच माघारी.

दुसरी चूक मुळीची. शेंडा बघून रोप घेणं म्हणजे शिंगं बघून म्हैस घेणं. पिशवीत दिवस काढलेलं रोप उंच दिसतं, तळाला मुळ्या गोल गोल गुंडाळलेल्या असतात. तसंच लावलं तर ड्रिपच्या जिवावर पहिला उन्हाळा निघतो. पुढं घडांचा भार आला की वेल भर दुपारी मान टाकते. मी लॉटमधल्या दोन-तीन पिशव्या जागेवर फाडतो. मालक कुरकुरतो, मी त्यांचे पैसे देतो. पांढरी मुळी दिसली तर पुढं बोलणं. मुळीवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळीतले बारीक जंत) समजा आणि अख्खा लॉट सोडा, फुकट मिळाला तरी.

ऑगस्ट-सप्टेंबरात पेन्सिलीपेक्षा बारीक खुंटावर पाचर मारू (कलम करू) नका. गावातल्या सगळ्यांची कलमं झाली म्हणून तुमचा खुंट जाड होत नाही. थंडी पडायच्या आत जाड झाला तर ठीक, नाहीतर पुढच्या हंगामाला.

सायन काडी, म्हणजे खुंटावर बांधायची वरच्या जातीची काडी, छाटणीच्या ढिगातनं उचलू नका. मी घड अंगावर असतानाच चांगल्या वेलींना रंग लावून ठेवतो आणि काडी त्यांचीच घेतो.

कलमाचा जोड जमिनीपासून फूटभर वर ठेवा. बोदाची (वेलीखालच्या उंच वाफ्याची) माती जोडावर चढली की वरच्या जातीला स्वतःच्या मुळ्या फुटतात आणि खुंटाचे पैसे मातीत जातात.

रिकटनंतर (कलम पुन्हा खाली छाटल्यावर) ओलांडा, म्हणजे तारेवरचा वेलीचा आडवा हात, एका दमात पळवू नका, हे सांगणं मी सोडलंय.

नांग्यांसाठी (मेलेल्या रोपांच्या जागी लावायला) थोडी रोपं जास्त घ्या, पण त्याच लॉटमधली, आणि ती मोठ्या पिशव्यांत वाढवून त्याच पावसाळ्यात लावून टाका. वर्षभरानं लावलेलं रोप शेजारच्या वेलींच्या सावलीत खुरटतं.