कमी खर्चात चांगले वाजणारे स्पीकर निवडताना आणि मांडताना

स्वस्त स्पीकर घेताना बहुतेक जण आधी वॅटचा आकडा पाहतात आणि तिथेच फसतात. खोक्यावर ठळक छापलेला पीएमपीओचा, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचा, आकडा कोणत्याही ठरलेल्या मोजमापाला बांधील नसतो, म्हणून त्याकडे सरळ दुर्लक्ष करावे. आरएमएसचा, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या शक्तीचा, आकडा त्याहून भरवशाचा असतो. पण स्पीकर किती शक्ती सोसेल एवढेच तो सांगतो, किती मोठा वाजेल ते सांगत नाही. ते कळते सेन्सिटिव्हिटीवरून, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो यावरून. दर ३ डेसिबलसाठी शक्ती दुप्पट लागते. त्यामुळे ९० डेसिबलच्या स्पीकरला जिथे १ वॅट पुरतो, तिथे तेवढ्याच आवाजासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला ४ वॅट द्यावे लागतात.

लहान पेटी, खोल खर्ज आणि चांगली सेन्सिटिव्हिटी या तीन गोष्टी एकाच स्पीकरमध्ये मिळत नाहीत. दोन घ्यायच्या तर तिसरी सोडावी लागते. स्पीकर बनवणारे याला हॉफमनचा नियम म्हणतात. पैसे थोडे असतील तेव्हा खोल खर्जावर पाणी सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच इंची वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भोंग्याचा, लहान स्पीकर साधारण ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० कंपनांच्या) आसपास दमतो, तर बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. तरीही ती तार ऐकू येते, कारण तिच्या ८२ आणि १२३ हर्ट्झच्या उपस्वरांवरून मूळ स्वर आपला मेंदूच भरून काढतो. प्रामाणिक लहान स्पीकर ही उणीव लपवत नाही. लबाड स्पीकर मात्र १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मुद्दाम फुगवतो. तो दुकानात दमदार वाटतो आणि घरी दोन दिवसांत डोके उठवतो.

त्याच किमतीत एका वूफरचा आणि एका ट्वीटरचा (वरचे बारीक स्वर वाजवणाऱ्या भोंग्याचा) साधा स्पीकर मिळत असताना चार-पाच भोंग्यांच्या उंच मनोऱ्याच्या मोहात पडू नये. तेवढेच पैसे अधिक भागांत वाटले गेले की प्रत्येक भाग हलका होतो.

निवड करताना कान वापरावेत, पण दोन्ही स्पीकर सारख्याच मोठ्या आवाजात ऐकावेत, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगलाच भासतो. संगीताआधी एखाद्या पुरुषाचे साधे बोलणे लावावे. माणसाचा आवाज आपण जन्मभर ऐकत आलेलो असतो, त्यामुळे तो माठात तोंड घालून बोलल्यासारखा येत असेल किंवा ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील, तर दोष लगेच सापडतो.

जुने स्पीकर घेणे हा कमी पैशात चांगला आवाज मिळवण्याचा उत्तम मार्ग आहे, मात्र वूफरच्या कडेचे वलय तपासून घ्यावे. ते रबराचे असेल तर बहुधा टिकलेले असते. फोमचे असेल तर दहा-पंधरा वर्षांत त्याचा भुगा होऊ लागतो आणि बोट लावताच चिकट तुकडे निघतात. नंतर दोन्ही हातांची बोटे वूफरच्या शंकूवर (हलणाऱ्या पडद्यावर) समोरासमोर ठेवून तो अलगद, सरळ आत दाबावा. खरखर जाणवली, तर आतली कॉइल घासते आहे असे समजून तो स्पीकर तिथेच सोडावा.

यापुढचे काम फुकटचे आहे आणि खरा फरक तिथेच पडतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर यावेत. टेबलावर ठेवायचे असतील तर पुढची बाजू किंचित उचलावी. फळीवर ठेवायचे असतील तर ते फळीच्या पुढच्या कडेपर्यंत आणावेत, नाहीतर फळीवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून तो गढूळ करतो. भिंतीजवळ खर्ज वाढतो आणि कोपऱ्यात त्याहून वाढतो. लहान स्पीकरला भिंतीचा थोडा आधार मिळणे चांगलेच. पण घुमू लागला तर तो एकेक वीत पुढे ओढत ऐकत राहावे. जागाच नसेल आणि पेटीला भोक असेल, तर त्यात गुंडाळलेला मोजा खुपसावा. उपाय गबाळा दिसतो खरा, पण घुमणे चटकन कमी होते.

तारेवर उधळपट्टी करण्याचे कारण नाही. तीन-चार मीटरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडले आहे ना, एवढे मात्र दोनदा पाहावे. मी एकदा एका बाजूची टोके उलट जोडून काही आठवडे त्या स्पीकरच्या नावाने बोटे मोडत होतो: खर्ज जवळजवळ नाहीसा झाला होता आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध ठरत नव्हता. खुणा पुसल्या गेल्या असतील, तर अँप्लिफायरपासून सोडवलेल्या तारेच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. वूफरचा शंकू बाहेर सरकला, तर सेलच्या धन टोकाला लावलेली तार ही धन तार होय, आणि तिला तिथेच चिकटपट्टीची खूण करून ठेवावी.