कानापे: सोफा की खाऊ?

फ्रेंच शब्द ‘canapé’, उच्चार ‘कानापे’. शेवटच्या अक्षरावर तिरकी खूण असते, म्हणून ‘पे’ स्पष्ट म्हणायचा, ‘कॅनेप’ चूक. फ्रान्समध्ये फर्निचरच्या दुकानात याचा अर्थ सोफा. ‘कानापे-ली’ म्हटलंत, तर उघडून पलंग होणारा दाखवतील.

मेन्यूवर मात्र हा घासभर पावाचा तुकडा: पाव म्हणजे सोफा, वरचं चीज किंवा मासा त्यावर बसलेला. करताना पाव आधी कडक भाजा आणि वरचं सगळं वाढायच्या वेळीच लावा. नाहीतर ओल धरून तो हातातच मोडतो.

शब्दाचं मूळ फार सुंदर आहे. ग्रीक ‘कोनोप्स’ म्हणजे डास, ‘कोनोपेइऑन’ म्हणजे मच्छरदाणीचा पलंग. तो लॅटिनमधून पुढे आला. फ्रेंचांनी त्यातली बैठक ठेवली, इंग्रजीतल्या ‘कॅनपी’ने वरचं छत.