इमेजमॅजिकच्या या चुका घेऊन जा गे मारबत!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि इतवारीच्या गल्ल्यांमधून एकच ओरड उठते, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत!' गेल्या वर्षी त्या गर्दीतून चारशेवर फोटो काढून घरी आलो आणि त्याच रात्री एका ओळीत त्यांची वाट लावली.

मित्रांना पाठवायला सगळे फोटो १६०० पिक्सेलांत बसवायचे होते. एकेक उघडून कोण करत बसणार? लिनक्सच्या टर्मिनलवर इमेजमॅजिक या फोटो बदलणाऱ्या सॉफ्टवेअरची ही ओळ मारली. (इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं आणि आकडे आलेच.)

मॅजिक मॉग्रिफाय -रिसाइझ १६००×१६००> -पाथ लहान *.जेपीजी

मला म्हणायचं होतं की फोटो १६०० पेक्षा मोठा असेल तरच छोटा कर, आणि तयार फोटो 'लहान' फोल्डरात टाक. आकड्यांमागच्या > चा अर्थ तोच. पण ते चिन्ह इमेजमॅजिकपर्यंत पोचलंच नाही. टर्मिनलवरची ओळ आधी शेल हा प्रोग्राम वाचतो. शेलच्या लेखी > म्हणजे 'आउटपुट पुढच्या नावाच्या फाइलीत टाक', आणि पुढचं नाव होतं '-पाथ'. शेलने मुकाट त्या नावाची रिकामी फाइल बनवली. मॉग्रिफायच्या, म्हणजे एकदम अनेक फोटो बदलणाऱ्या इमेजमॅजिकच्या कमांडच्या, हाती उरलं एवढंच: रिसाइझ, 'लहान' आणि सगळे जेपीजी. 'लहान' हा काही फोटो नाही, अशी कुरकुर त्याने केली आणि बाकीचे मूळ फोटो जागच्या जागी बदलून टाकले. ६००० पिक्सेलांचे १६०० झाले. जे आधीच छोटे होते ते फुगले, कारण त्यांना अडवणारं चिन्ह शेलने गिळलं होतं.

कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून वाचलो. ती रिकामी फाइल मात्र जाता जाईना. 'आरएम -पाथ' म्हटलं की आरएम या फाइल पुसणाऱ्या कमांडला तो स्वतःचाच पर्याय वाटतो, 'आरएम ./-पाथ' लिहिल्यावर गेली.

तेव्हा मापाला एकेरी अवतरणचिन्हं लावा: '१६००×१६००>'. आणि मॉग्रिफायचा स्वभाव ध्यानात ठेवा. पाथ दिला नाही तर तो मूळ फाइलीवरच लिहितो, आणि पाथमधलं फोल्डर आधी तयार नसेल तर ते बनवून देत नाही. मी आता फोटोंची नक्कल वेगळ्या फोल्डरात घेतल्याशिवाय मॉग्रिफायला हातच लावत नाही. एखाददुसरा फोटो असेल तर साधं 'मॅजिक' बरं, त्याला नव्या फाइलीचं नाव द्यावंच लागतं.

चारशेपैकी निम्मेच फोटो बदलले, असं झालं तर एक्सटेन्शन, म्हणजे फाइलीच्या नावाशेवटचं 'जेपीजी', बघा. बरेच कॅमेरे ते मोठ्या अक्षरांत लिहितात, आणि लिनक्सला मोठी-छोटी अक्षरं वेगळी वाटतात.

दुसऱ्या प्रयत्नात माप बरोबर आलं, तर मित्राचा फोन: "काऊन बे, मारबत आडवी काऊन पडली?" मोबाइल उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आडवाच साठवला जातो, 'दाखवताना फिरवा' एवढी नोंद त्याच्या एक्सिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, असते. मी फाइल हलकी व्हावी म्हणून ही सोबतची माहिती काढून टाकणारं 'स्ट्रिप' लावलं होतं. त्याने ती नोंदच पुसली. आधी त्या नोंदीप्रमाणे फोटो खरोखर फिरवणारं 'ऑटो-ओरिएंट', मग 'स्ट्रिप', हाच क्रम. इमेजमॅजिक 'मॅजिक'च्या ओळीतले पर्याय डावीकडून उजवीकडे एकामागोमाग लावत जातं. आपल्या मनात काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

स्ट्रिपने आणखी एक घात केला, तो मला दोन दिवसांनी दिसला. पिवळ्या मारबतीचा तो झगझगीत पिवळा रंग आयफोनवरच्या फोटोंत फिका पडला होता. आयफोन डिस्प्ले पी-३ या रंगपट्टीत फोटो घेतो आणि तसा प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे याची नोंद, फाइलीत जोडतो. स्ट्रिप तोही उडवतं. मग पाहणारं सॉफ्टवेअर तेच आकडे एसआरजीबी या नेहमीच्या, लहान रंगपट्टीचे समजतं आणि रंग मरतात. म्हणून आधी 'प्रोफाइल' पर्यायाने एसआरजीबीची आयसीसी (रंग-प्रोफाइलची) फाइल देऊन रंग बदलून घ्यायचे आणि नंतर स्ट्रिप करायचं. स्ट्रिप सोडून द्या असं मी म्हणणार नाही. फोटोतलं जीपीएसचं ठिकाण त्यानेच जातं, आणि ते जायलाच हवं.

आता खास आपली, देवनागरीवाल्यांची अडचण. फोटोच्या कोपऱ्यात नाव टाकायला 'अ‍ॅनोटेट' वापरलं. आधी नुसते चौकोन आले, कारण 'फॉन्ट' दिला नव्हता. मुक्ता हा देवनागरी फॉन्ट दिला, 'मारबत' लिहून पाहिलं, झकास. मग चारशे फोटोंवर 'पिवळी मारबत' छापलं, तर प ची वेलांटी सरकून व च्या डोक्यावर! 'मारबत' या शब्दात पहिली वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही, म्हणून चाचणीत काही कळलंच नाही. अक्षरांची अशी जुळणी रॅक्म ही लायब्ररी करते. 'मॅजिक -व्हर्जन' मारा आणि डेलिगेट्सच्या, म्हणजे जोडलेल्या लायब्रऱ्यांच्या, यादीत रॅक्म आहे का पाहा. नसेल तर अक्षरं नीट जुळवणारं 'पँगो:' वापरून मजकुराचं वेगळं चित्र करा आणि 'कंपोझिट'ने फोटोवर बसवा. चाचणीला 'विद्यार्थिनी'सारखा शब्द घ्या.

बाकीच्या भानगडी किरकोळ. पारदर्शक पीएनजीचा जेपीजी करताना मागची बाजू काळी आली, तर 'बॅकग्राउंड' पांढरा देऊन 'फ्लॅटन' करा. पीडीएफची पानं धूसर आली, तर 'डेन्सिटी ३००' हे फाइलीच्या नावाआधी लिहा. नंतर लिहून उपयोग नाही, पान तोवर ७२ डेन्सिटीवर वाचून झालेलं असतं. उबुंटूवर पीडीएफ उघडायलाच नकार मिळाला आणि सिक्युरिटी पॉलिसीचं नाव आलं, तर तुमचं काही चुकलेलं नाही. २०१८ मध्ये घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्राममधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्या तेव्हापासून तिथे ती वाट बंद केलेली आहे. पॉलिसी डॉट एक्सएमएल या इमेजमॅजिकच्या नियमांच्या फाइलीतली ती ओळ बदलता येते, पण अनोळखी लोकांच्या फाइली जिथे येतात त्या सर्व्हरवर मी ती बदलणार नाही.

परीक्षेच्या फॉर्मसाठी ५० केबीत फोटो हवा असेल, तर 'डिफाइन'मध्ये 'जेपेग:एक्सटेंट=५०केबी' द्या, पण आधी माप छोटं करा. नाहीतर मोठा फोटो ५० केबीत कोंबायला इमेजमॅजिक क्वालिटी एवढी पाडतं की चेहऱ्याचे नुसते ठोकळे होतात. आणि विंडोजवर जुन्या सवयीने 'कन्व्हर्ट' टाइप करू नका. त्या नावाचा विंडोजचा स्वतःचा प्रोग्राम डिस्क एनटीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीत बदलण्यासाठी आहे. तिथेही 'मॅजिक'च लिहा.