जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड: माझा अनुभव
प्रोसेसर आय५-८४००, कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. नवे गेम लो सेटिंगवरही अडखळायचे. पैसे घालण्याआधी रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करून पाहिलं. एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) लगेच वाढले, म्हणजे दम कार्डाला लागत होता. प्रोसेसर कमी पडत असता तर आकडा फारसा हलला नसता.

दुकानदाराचा आग्रह आरएक्स ६५०० एक्सटीचा. स्वस्त खरं, पण ते पीसीआयईच्या (मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या स्लॉटच्या) चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं आणि मेमरीही ४ जीबीच. माझ्यासारख्या जुन्या पीसीआयई ३.० च्या मदरबोर्डवर ते आणखी मागे पडतं. म्हणून आरएक्स ६६०० घेतलं: ८ लेन, ८ जीबी.

खरा प्रश्न विजेचा. जुन्या कार्डाचं स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागायचं. ६६०० ला १३२ वॅट आणि आठ पिनांची वेगळी केबल लागते. कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) काढून ५५० वॅटचा ब्रॉन्झ रेटिंगवाला (वीज कमी वाया घालवणारा) बसवला. इथे काटकसर करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार!

जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) पुसून नवा टाकला. रॅमची तशीच दुसरी पट्टी लावली. ड्युअल चॅनल झाल्यावर (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरात आल्यावर) मधले झटकेही गेले. प्रोसेसर तूर्तास तोच. लागलाच तर बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून याच बोर्डवर आय७-९७०० बसेल.