घोट्याला दोष देण्याआधी बूट तपासा: मोठेपणी फिगर स्केटिंग शिकताना या चुका टाळा

न्यू जर्सी असो वा टोरांटो, मुलांना बर्फावरच्या स्केटिंगच्या क्लासला सोडायला येणारे आई-बाबा काही महिने काचेमागे कॉफी पीत बसतात आणि मग एक दिवस स्वतःचंच नाव घालतात. अमेरिकेतल्या ‘लर्न टू स्केट यूएसए’ या प्रशिक्षणक्रमात प्रौढांसाठी वेगळ्या सहा पायऱ्या आहेत, त्यामुळे चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत उभं राहायचा संकोचही नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तक्रार सुरू होते: “माझे घोटेच कच्चे आहेत, सारखे आत वळतात.” बहुतेक वेळा घोटे ठणठणीत असतात. बूट मोठा किंवा मऊ असतो, नाही तर बुटाखालच्या ब्लेडमध्ये काहीतरी बिघाड असतो.

वाढत्या अंगाचा बूट

कपडे, चपला वाढत्या अंगाच्या घ्यायची आपली सवय इथे फार नडते. रोजच्या बुटात पुढे बोटभर जागा सोडतात, स्केटमध्ये ती सोडायची नसते. जॅक्सन, रीडेल या कंपन्यांचा स्केट रोजच्या अमेरिकी नंबरपेक्षा साधारण अर्धा ते दीड नंबर लहान घ्यावा लागतो. एडिया तर थेट मिलिमीटरमध्ये, ५ मिमीच्या टप्प्यांनी मापं देते. तेव्हा नंबर विसरा आणि पाऊल मोजा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, स्केटिंगचेच पातळ मोजे घालून कागदावर उभे राहा. टाच भिंतीला टेकवा, वजन त्याच पायावर घ्या. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी, दोन्ही पायांची लिहून ठेवा. बसून मोजलं तर माप कमी भरतं.

दुकानात नाड्या सैल सोडून पाय पुढे सरकवा. टाचेमागे पेन्सिल जाईल एवढीच फट हवी, अंगठा आरामात मावला तर बूट मोठा. मग टाच मागे ठोकून नाड्या बांधा आणि उभे राहा. बोटं पुढे हलकी टेकतील आणि गुडघे वाकवले की किंचित मागे येतील. गुडघे वाकवूनही ती दुमडलेलीच राहिली तर बूट लहान. शेवटी चवड्यांवर उठा. टाच बुटातून उचलली गेली, तर बाकी सगळं जमलं तरी तो बूट घेऊ नका. टाच हलली की पाऊल आत कलंडतं, ब्लेड आतल्या कडेवर पडतं आणि तोल धरायला आपण नकळत बोटं आखडतो. पंधरा मिनिटांत तळव्यात गोळा येतो, आणि लोक समजतात की बूट घट्ट आहे!

चवडा पसरट आणि टाच अरुंद असेल, तर लांबी वाढवून रुंदी मिळवायला जाऊ नका. त्याच लांबीत जास्त रुंदीचा बूट मागवा. एखादंच हाड टोचत असेल, तर घोट्याच्या त्या हाडावर मोज्यावरून लिपस्टिकचा ठिपका लावून पाय बुटात घाला. आत जिथे डाग उमटेल, नेमका तेवढाच भाग दुकानदार यंत्राने फुगवून देतो. उष्णतेने पायाच्या आकारात बसवायचे बूट असतील तर ते कामही दुकानातच करून घ्या. घरच्या ओव्हनमध्ये बूट शिजतो, बसत नाही.

थंडी वाजते म्हणून लोकरीचे मोजे किंवा दोन जोड घालणं हाही उलटा उपाय. मोजे एकमेकांवर घसरतात, रक्त अडतं आणि पाय आणखीच गार पडतात.

फार मऊ, फार कडक

घोट्यापाशी बूट धरून बाजूला वाकवून पाहा. हाताने तो सहज दुमडला, तर अंगाखाली टिकणारच नाही. तीस किलोच्या मुलाला पुरणारा बूट सत्तर किलोच्या माणसाला पुरत नाही, म्हणून फक्त पातळी सांगून भागत नाही, दुकानदाराला वजनही सांगा. पण ‘एकदाच घेऊ, चांगलाच घेऊ’ म्हणत दुहेरी उड्यांचा, म्हणजे हवेत दोन गिरक्या घेणाऱ्यांचा, बूट उचलणंही चूक. त्यात घोटा वाकत नाही, म्हणजे गुडघाही वाकत नाही, आणि तोल मागे जातो. साध्या एकेरी उड्यांपर्यंतचा बूट नवशिक्याला बराच काळ पुरतो. कडकपणाचे आकडे प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असतात, ते एकमेकांशी ताडून पाहू नका.

नाड्या

पहिल्या भोकापासून शेवटच्या हुकापर्यंत सारख्या जोराने ओढणं ही सर्रास होणारी चूक.

बोटांवरच्या दोन-तीन ओळी सैल ठेवा, बोटं हलली पाहिजेत. तिथून घोट्याच्या वळणापर्यंत ताण वाढवत न्या. नाडी वर न ओढता बाजूंना ओढा. वळणावर, हूक सुरू व्हायच्या आधी, दोन्ही टोकांना एकाऐवजी दोन वेढे द्या, म्हणजे खालचा ताण सुटत नाही. पहिला हूक घट्ट, वरचे त्याहून सैल. बांधून झाल्यावर मागच्या बाजूने बुटात एक बोट गेलं पाहिजे. दहा मिनिटं स्केटिंग झालं की बाहेर येऊन पुन्हा बांधा, नवे बूट तर हमखास सैलावतात.

पाय बधिर होत असेल तर पावलाच्या उंचवट्यावरच्या दोन ओळी सैल करा. बरं वाटलं तर दोष नाड्यांचा. चवड्याच्या कडा तरीही दुखत राहिल्या तर बूट अरुंद आहे. घोट्याच्या पुढे नाड्या रुतत असतील, तर आधी बुटाची जीभ मधोमध आहे ना ते पाहा, मग जेलची पट्टी घ्या.

ब्लेड

नव्या ब्लेडला वापरण्याजोगी धार असेलच असं नाही, विचारून घ्या. ब्लेडच्या तळाशी लांबट पन्हळ असते आणि तिच्या दोन काठांवर आपण स्केट करतो. पन्हळीची त्रिज्या अर्धा इंच ही नवशिक्यासाठी नेहमीची. आकडा जितका लहान तितकी पन्हळ खोल आणि पकड जास्त. इतकी जास्त, की थांबायला पाय आडवा केला तर ब्लेड अडकतं. वीस-तीस तासांनी धार लावून घ्या.

धार लावून आणल्यावर बूट उलटा धरा आणि ब्लेडवर छोटी सरळ पट्टी आडवी ठेवा. पट्टी ब्लेडशी काटकोनात राहिली पाहिजे. पुढे, मध्ये आणि टाचेकडे, तिन्ही जागी पाहा. एकीकडे कलली म्हणजे एक काठ उंच राहिलाय, आणि दुसऱ्या काठावर तुम्ही घसरणार. धार फिगर स्केटची रोज कामं करणाऱ्याकडूनच लावून घ्या. हॉकीच्या ब्लेडची सवय असलेल्या हाताने पुढचे दात, म्हणजे टो-पिक, घासले जाण्याची भीती असते. दातांत अडखळतो म्हणून ते कापायला सांगणारेही भेटतात. तसं करू नका. वजन बोटांवर पडतंय म्हणून अडखळायला होतं, आणि पुढे गिरक्या-उड्यांना तेच दात लागतात.

माप बरोबर, नाड्या नीट, धार सारखी, तरी एका पायावर सरकत जाताना तोच पाय दर वेळी आत वळतो? मग ब्लेडची जागा तपासून घ्या. स्क्रूने बसवलेलं ब्लेड लांबट भोकांतले तात्पुरते स्क्रू सैल करून मिलिमीटरभर आतल्या बाजूला सरकवता येतं. एवढ्यानेही फरक कळतो. कायमचे स्क्रू त्यानंतर.

बर्फावरून उतरल्यावर

ब्लेड पुसा, अगदी स्क्रूंच्या आसपासचं पाणीसुद्धा. प्लास्टिकची आवरणं फक्त चालायला. तीच लावून पिशवीत टाकलं तर आत साठलेल्या पाण्याने गंज चढतो, म्हणून ठेवताना कापडी आवरणं घाला. घरी नाड्या मोकळ्या करून जीभ पुढे ओढून ठेवा. सुरुवातीला दर आठवड्याला स्क्रू तपासा. सुट्टीत स्केट्स मुंबई-पुण्याला आणून पावसाळ्यात कपाटात ठेवणार असाल, तर ब्लेडवर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा, आणि पुन्हा बर्फावर जाण्याआधी तो कोरड्या फडक्याने पुसून काढा.