कारागृहात गाणं शिकवायला जाताय? अभ्यासक्रम घरी ठेवा

विशारद झाल्यावर भायखळ्याच्या महिला कारागृहात आठवड्यातून एकदा गाणं शिकवायचं ठरलं, तेव्हा मी हौसेने बारा आठवड्यांचं वेळापत्रक आखलं होतं. आधी अलंकार, म्हणजे सरगमचा सराव, मग भूप राग, शेवटी छोटा कार्यक्रम. तिसऱ्या मंगळवारी पहिल्या दिवशीच्या अठरा जणींपैकी सातच समोर होत्या. कुणाला जामीन झालेला, कुणाची कोर्टात तारीख, कुणाची मुलाकात. इथे बहुतेक जणी कच्च्या कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या. त्यामुळे ‘मागच्या वेळी आपण पाहिलं’ हे वाक्यच बाद झालं.

तेव्हापासून प्रत्येक तास त्याच दिवशी पुरा करते. दहा मिनिटं श्वास आणि नुसता हुंकार, मग ओवी. ओवी दोन ओळींत संपते, आज आलेलीलाही लगेच म्हणता येते, आणि पुढची ओळ जिची तिने जोडायची. एका बंगाली बाईने तिच्या भाषेत जोडली. अर्थ कुणाला कळला नाही, ठेका मात्र सगळ्यांनी उचलला. माझी पट्टी काळी पाच. इथे त्याहून खालच्या पांढरी चारवर आले तेव्हा कुठे मागच्या रांगेतून आवाज फुटला.

परवानगी कारागृह व सुधारसेवा विभागाची लागते. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा आत आधीपासून काम करणाऱ्या संस्थेबरोबर जाणं सोपं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990पासून या क्षेत्रात आहे. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणजे तानपुऱ्याचं ॲपही गेलं. नेणार ती प्रत्येक वस्तू अर्जात लिहा, आणि ‘पेटी’ लिहू नका, हार्मोनियम लिहा. मी पेटी लिहिलं, आणि झडतीच्या वेळी फाटकावरच्या बाईंनी विचारलं, “पेटीत काय आहे?”

“तुझं कलम काय?” हे त्या एकमेकींना विचारतात, आपण विचारायचं नाही. (जुन्या जणी अजून 302च म्हणतात; जुलै 2024पासून नव्या कायद्यात खुनाचं कलम 103 आहे.) आणि स्वतःला संगीतोपचारतज्ज्ञ म्हणवून घेऊ नका. तो वेगळा अभ्यास आहे. तुम्ही गाणं शिकवायला गेलात.

माझी मोठी चूक दुसऱ्याच आठवड्यातली. सोपा म्हणून पाळणा घेतला. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ आत राहू शकतात, म्हणून मला वाटलं, पोरंही रमतील. मांडीवर मूल असलेल्या दोघी छान गायल्या. तिसरी उठून भिंतीकडे तोंड करून बसली. तिचं मूल बाहेर, सासूकडे होतं, हे मला नंतर कळलं. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं सुचलंही नाही.

पाळणा आता मी सुरू करत नाही. कुणी आपणहून धरला, तर पेटीवर साथ देते.